मेढीखालचा आवाज

माझा उजवा खांदा धरला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद बायकोला झाला. "आता तरी ते धूड माळ्यावर जाईल," असं ती डॉक्टरांच्या समोरच म्हणाली. डॉक्टरांनी सहज विचारलं, "कसलं धूड?" मी सांगायला सुरुवात केली आणि बाहेर बसलेल्या पेशंटांची वीस मिनिटं खाल्ली.

धूड म्हणजे माझं धातू शोधायचं यंत्र. थोरले मेहुणे आखातातली नोकरी संपवून कायमचे परत आले, तेव्हा सगळ्यांना अत्तराच्या बाटल्या आणि जाड कांबळी मिळाली, आणि मला हे. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर विटेएवढी पेटी, पेटीत आठ सेल, आणि कानांवर चढवायच्या दोन काळ्या वाट्या. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि पनवेलच्या बाहेर शेतं होती.

ह्या यंत्राचा स्वभाव साधा. जमिनीत धातू असला की ते गातं. सोनं असो, तांबं असो, सोडा-बाटलीचं झाकण असो, त्याला सगळ्यांचं कौतुक सारखंच. काय आहे ते तुम्ही खणून बघा. अर्थात खणून बघण्यातच माझी सगळी मजा होती. तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आठवडाभर लोकांचे सातबारे काढून माझे हात तापतात. रविवारी मात्र मी धूड खांद्यावर टाकून बाहेर पडायचो.

थंडीतलं दुपारचं ऊन, कापलेल्या भाताचे खुंट, आणि कानांवर त्या वाट्या. वाट्या चढवल्या की जग मुकं व्हायचं. बगळे आवाज न करता उडायचे. बांधावरची बाई तोंड उघडायची आणि तिची हाक माझ्यापर्यंत पोचायची नाही. उलव्याच्या दिशेने भरावाची माती नेणारे डंपर एकामागून एक तरंगत गेल्यासारखे जायचे. ऐकू यायची फक्त जमीन. एक सतत गुणगुण, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी, आणि मधूनच तिच्यातून वर येणारा एक सूर. एकदा असाच भर शेताच्या मध्यात सूर आला, आणि हातभर खाली सापडला होडीचा खिळा. बोटाएवढा, चौकोनी डोक्याचा. शेतवाला म्हणाला, "खाडी यायची इथवर, आजोबा सांगायचे." मी तो खिळा मुठीत धरून बांधावर बसलो. कानांवर वाट्या तशाच होत्या. ऊन डोळ्यांत होतं. आणि मला खरंच वाटलं, की भरती आवाज न करता खुंटांवरून चढत येतेय, आणि माझ्या डोक्यावरून एका होडीचा तळ सावकाश सरकतोय, एक खिळा कमी असलेला. त्या दिवशी घरी पोचायला संध्याकाळ झाली. बायकोने विचारलं, "काय सापडलं?" मी म्हटलं, "समुद्र." तिने चहा दिला नाही.

तर अशा यंत्राला बदलायचं की नाही, हा प्रश्न खांद्याने उभा केला. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कॅमेरे आणि गजर विकणारं दुकान आहे. तिथे काचेच्या कपाटात नवं यंत्र होतं. अर्ध्या वजनाचं, घडी होणारं, आणि दांड्याला हाताच्या तळव्याएवढा पडदा. पडद्यावर आकडा येतो. आकड्यावरून कळतं की खाली लोखंड आहे, तांबं आहे की सोनं. खणायच्या आधीच! मी दर शनिवारी जाऊन ते हातात धरून उभा राहायचो. दुकानदार तिशीचा, सभ्य, पण त्याचीही सभ्यता संपत आली होती.

"काका, घ्या हो एकदाचं. तुमच्या हाताने डेमो पीसचा रंग उडाला."

"विचार चाललाय."

"सहा महिने?"

काय सांगणार त्याला? खांदा म्हणायचा घे. मन म्हणायचं, सगळं आधीच कळलं तर मग शेतात जायचं कशाला? आणि मनाच्या मागे लपलेला माझ्यातला नाटक्या म्हणायचा, पडदा आहे रे, आकडे आहेत, लोकांसमोर काय शोभेल!

लोकांसमोर म्हणजे, माझी थोडी प्रसिद्धी होती. आमच्या बाजूच्या आगरी-कोळी गावांतल्या हळदी तुम्ही पाहिल्या असतील तर सांगायला नको. अंगावर सोनं, पायाखाली माती, आणि ताल असा की आजारी माणूस खाटेवरून उठून नाचतो. सकाळी कुणाचा कानातला झुबा नसतो, कुणाच्या साखळीतलं पदक नसतं. मग मला फोन. मी बाह्या सरसावून मांडवात शिरायचो, अर्धा तास गोष्टी सांगायचो आणि पाच मिनिटांत झुबा काढून द्यायचो.

पण ही गोष्ट फोनने आली नाही. ती स्वतः चालत आली.

एका सकाळी दुकानाच्या काउंटरपाशी एक म्हातारी उभी राहिली. हिरवं नेसू, कपाळावर गोंदण, हातात काहीच कागद नाही. मी तिला ओळखलं. ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी नंतर येतात, आधी येते धवलारीण. ती धवले गाते, आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. तिच्याशिवाय मांडव उभा राहत नाही, हळद लागत नाही.

"झेरॉक्स, आजी?"

"माजी काडशील काय? येक घरी बसंल, येक गाईल."

मी हसलो. ती हसली नाही. मी तिला स्टूल दिलं.

तिने सांगितलं ते असं. उलव्याच्या बाजूला एका घरी मुलाचं लग्न होतं. लग्न उद्यावर होतं, मेढ कालच रोवली होती. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, उंबराची फांदी. तिच्यासाठी खड्डा करतात, त्यात तांब्याचं नाणं आणि सुपारी टाकतात, मग धवलारीण गाते, आणि पाच सवाष्णी तिच्या सुपातले हळदीचे तांदूळ मुठीमुठीने खड्ड्यात टाकतात. त्या गडबडीत वरमायची, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईची अंगठी गेली. तिच्या सासूची अंगठी. नवी सून उंबरठा ओलांडून आली की तिच्या बोटात घालायची होती.

"वरमाय म्हंतं, हात हलदीत घालायच्या आधी अंगठी तुज्याकडं दिलेली."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी गात होती बाला. गाताना माजे डोले मिटलेले असतान. माज्या हातान कोनी काय दिला नाय." तिने काउंटरवर हात टेकला. "चालीस वर्सं लोकांच्या घरान गाते. देव्हाऱ्यापासून कोठीपर्यंत माना कुठं दार बंद नाय. काल राती द्रोणागिरीवरना निरोप आला. फुडच्या म्हयन्याचं लगीन हाय त्यांच्याकडं. म्हनलं, आमी दुसरी बगतो."

अंगठी मिळाली नाही तर ती पुन्हा कुणाच्या मांडवात गाणार नव्हती. इतकं सरळ होतं. मी आतल्या कोपऱ्यातलं धूड काढलं आणि शटर ओढलं.

घर मोठं होतं, तीन मजली, नवं कोरं. जुनं गाव विमानतळाखाली गेलं, त्याबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बांधलेलं. समोरच्या मोकळ्या जागेत मांडव. वरमाय थकलेली, भल्या चेहऱ्याची बाई. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, मी आजीला चोर म्हटली नाय. मी येवढंच म्हटली का अंगठी तिच्याकडं दिलेली. बाकीचं लोकांनी म्हटलं." आणि तिचे डोळे भरले. नवऱ्यामुलाचा काका खुर्ची टाकून बसला होता. तो मात्र मजेत होता.

"या मास्तर! ह्या बंदुकीत गोळ्या हायेत ना?"

मी वाट्या चढवल्या आणि मांडव मुका झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चकती फिरवली. बाटल्यांची झाकणं निघाली, केसांचे आकडे निघाले, एक चमचा निघाला, कपाटाची किल्ली निघाली, ती काकाचीच होती. अंगठी नाही. शेवटी राहिली मेढ. मांडवाचे लोखंडी पाइप तिच्यापासून लांब होते. मी उंबराच्या फांदीभोवती चकती फिरवली, आणि आवाज आला.

पण कसा? आधी एक भरदार सूर, आणि त्याला धरून लगेच एक बारीक सूर. जसा उंबरठ्याला ठेचकाळलेला माणूस एक छोटं पाऊल जास्तीचं टाकून सावरतो, तसा. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मी वाट्या काढल्या.

"इथे आहे काहीतरी."

"आसंलच!" काका म्हणाला. "नाणं टाकलंय आमी. लाखाची गोष्ट सांगितली मास्तरांनी!"

बायका हसल्या. मी म्हटलं, "दोन वस्तू वाटतात. खणून बघूया का?"

हसणं तिथेच थांबलं. वरमायने हात जोडले. "देव बसवलेत दादा. मेढ हालवायची नाय." मी धवलारणीकडे पाहिलं. वाटलं, ही तरी म्हणेल, खणा, माझ्यासाठी खणा. तर तीच सगळ्यांत आधी पुढे आली आणि मेढीला पाठ लावून उभी राहिली.

"पाच दिस सरल्याव देव उठतील. तवर कोनी हात नाय लावाचा."

जिची अब्रू त्या खड्ड्यात अडकली होती, तीच खड्डा राखत उभी होती. मी एकही गोष्ट न सांगता धूड खांद्यावर टाकलं. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

परतताना रिक्षात माझ्या डोक्यात तो पडदा लखलखायला लागला. खणायला नको, मेढ हलवायला नको. नुसतं वरून फिरवायचं, आणि आकडा सांगेल की खाली सोनं आहे. सहा महिन्यांचा प्रश्न एका क्षणात सुटला असं मला वाटलं. मी थेट दुकानात गेलो आणि दुकानदाराला सगळी हकीकत साभिनय सांगितली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्यापासून सुटका होईल ह्या आशेने ते चमकले, देव जाणे.

"उद्या चारपर्यंत देतो काका. ओरखडा नको. आवडलं तर पैसे, नाहीतर परत."

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी मी मांडवात शिरलो तेव्हा पाहुण्यांनी तो भरला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी झब्बा घातला होता. यंत्राची घडी मी एकदम न उलगडता तीन टप्प्यांत उलगडली. हे ऐकायचं यंत्र नाही, बघायचं यंत्र आहे, असं सांगून पडदा चहूकडे फिरवून दाखवला. काकाला पुढे बोलावून त्याच्या हातातल्या सोन्याच्या कड्यावर चकती धरली. आकडा आला. एका बाईच्या तांब्याच्या कळशीवर धरली. वेगळा आकडा आला. लोकांनी "आयला!" म्हटलं. नटाला आणखी काय हवं असतं?

मग मेढ. सगळे श्वास रोखून. मी चकती फिरवली आणि पडद्यावर अठ्ठ्याहत्तर आला. पुन्हा फिरवली, पुन्हा अठ्ठ्याहत्तर. आवाजही एकच, गोल, न अडखळता. मी एक पाऊल मागे आलो, हात वर केला आणि गर्जलो,

"मंडळी! अठ्ठ्याहत्तर! मेढीखाली तांब्याचं नाणं आहे, आणि नाण्याशिवाय काहीही नाही!"

कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मी वाकून ती घेतलीही असेल. आणि मग, सरळ होताना, मला दिसलं की सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या आहेत. कोपऱ्यात धवलारीण सूप मांडीवर घेऊन बसली होती. अंगठी जमिनीत नाही, मेढीखाली नाही, म्हणजे कुठे आहे ते आता यंत्राने सांगितलं होतं. यंत्राने कुठलं, मीच सांगितलं होतं. मोठ्याने.

तिने सूप बाजूला ठेवलं. पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि पुढचा धवला सुरू केला. सुरू केलेलं लग्न धवलारणीने मध्ये सोडायचं नसतं, आणि मांडवातल्यांनीही तिला मध्ये उठवायचं नसतं. जेवणाची पंगत बसली तेव्हा तिच्या पुढे पान मांडलं, सगळं वाढलं. पण तिच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. मी लांबून पाहिलं. ती शांतपणे जेवत होती. मला भूक नव्हती.

मी दोनलाच निघालो. रस्ताभर एक गोष्ट टोचत होती. ते बारीक जास्तीचं पाऊल कुठे गेलं? जुन्याने मला दोनदा ऐकवलं होतं, आणि नव्याला ते ऐकूच आलं नव्हतं.

घरी आलो, बाल्कनीतली तुळस सोडून दुसरी मोठी कुंडी ओढली, त्यातली अर्धी माती उपसली. बायको आतून आली.

"हे काय?"

"तुझी अंगठी दे."

"शुद्धीवर आहात ना?"

मी तिला पंगतीतली रिकामी पानं सांगितली. ती माझं ऐकताना सहसा पोळ्या लाटते, ह्या वेळी ती पाटावर बसली. मग साबण लावून अंगठी काढली. "कुंडीतून परत नाही आली, तर मी तुम्हाला कुंडीत पुरीन."

शेतात सापडलेला एक ढब्बू पैसा माझ्याकडे होता. आधी एकटा पैसा पुरला. नवं यंत्र म्हणालं, अठ्ठ्याहत्तर. मग एकटी अंगठी. आकडा कितीतरी खाली, बेचाळीसच्या आसपास. मग पैसा आणि अंगठी एकमेकांना चिकटवून पुरली, वर माती लोटली. मी चकती फिरवली. बायको पडद्यावर वाकली.

"अठ्ठ्याहत्तर," तिने वाचलं. "माझी अंगठी कुठे गेली मग?"

मोठ्या नाण्याने छोट्या अंगठीला गिळलं होतं. आकडा एकच येणार होता, आणि तो मोठ्याचाच येणार होता. मी कोपऱ्यात ठेवलेलं धूड उचललं, वाट्या बायकोच्या कानांवर चढवल्या आणि कण्हत चकती फिरवली. तिचे डोळे मोठे झाले. वाट्या घातलेला माणूस ओरडून बोलतो, तशी ती ओरडली, "अडखळतंय! अहो, हे अडखळतंय!"

मग वाट्या काढून, नेहमीच्या आवाजात, "आता जा. तिथे गर्जलात ना? तिथेच जाऊन सांगा."

मी चार वाजता नवं यंत्र परत केलं. दुकानदाराने तोंड उघडायच्या आत बाहेर पडलो. पण त्या मांडवाकडे माझे पाय वळेनात. जुन्याचं अडखळणं म्हणजे अंगठीच, हे कशावरून? तो खिळाही असू शकतो, केसातला आकडाही असू शकतो. एकदा छातीठोक बोलून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी बेलपाड्याला, धवलारणीच्या लेकीच्या घरी गेलो. म्हातारी गॅलरीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. बाहेर खारघरच्या इमारतींच्या रांगा दुपारच्या उन्हात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. मी तिला कुंडी सांगितली, अठ्ठ्याहत्तर सांगितलं, माफी मागितली. तिने सगळं ऐकलं. खडे वेचणं थांबवलं नाही.

"मी आत्ता जाऊन वरमायला सांगतो," मी म्हटलं.

"आन म्हनतील, म्हातारीनं शिकवून पाठवला."

"मग?"

"परवा देव उठतान. खड्डा बोलंल काय बोलाचा ता. तू गप ऱ्हा." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "येतं तुला?"

"प्रयत्न करतो."

"लय कठीन हाय तुला," ती म्हणाली, आणि एक खडा बाहेर टाकला.

दोन दिवस. गिऱ्हाइकांना वाटलं मी आजारी आहे. एकाने तर सातबाऱ्याबरोबर काढ्याची पुडी आणून दिली. रात्री नीट झोप लागायची नाही आणि दुपारी दुकानात मशीनच्या उबेत डोळा लागायचा. त्या गुंगीत यंत्राचा हिरवा प्रकाश काचेखालून सरकत जायचा, आणि मला वाटायचं तो जमिनीखालून सरकतोय. माती काचेसारखी. खाली शेतं, शेतांखाली खाडी, खाडीत होड्या, आणि सगळ्याच्या मध्ये एक पिवळा खड्डा. त्यात काय आहे ते बघायला मी वाकायचो, आणि कुणीतरी म्हणायचं, "दोन्ही बाजू काढा."

देव उठायच्या दिवशी सकाळी मी मांडवात गेलो. धूड नव्हतं, झब्बा नव्हता. एका कडेला उभा राहिलो. घरातलीच माणसं होती, नवी सून होती, काका होता. धवलारणीने देव उठवायचा धवला सुरू केला. इतक्या मांडवांत फिरलो, पण मी तिला कधी नीट ऐकलं नव्हतं. माझी बडबड किंवा कानांवर वाट्या. आवाज चिरका होता, म्हातारा होता, आणि एकाच चालीवर पुन्हा पुन्हा येत होता, खाडीचं पाणी येतं तसा, दर वेळी बोटभर पुढे. डोळे मिटलेले. तिच्या मांडीवर वरमायने सूप ठेवलं, ते तिला कळलं नाही. नव्या सुनेने त्या सुपात फुलं टाकली, तेही कळलं नाही. मी ते पाहत होतो. आणि वरमायही पाहत होती. तिचा हात सुपाच्या काठावर तसाच राहिला.

काकाने मेढ उपटली. नाणं घरच्या बाईने काढायचं असतं, म्हणून वरमाय गुडघ्यांवर बसली आणि खड्ड्यात हात घातला. रोज पाणी घातल्याने हळदीचे तांदूळ फुगून त्यांचा गोळा झाला होता. आंबूस वास आला. तिने गोळा बाहेर काढला, अंगठ्याने फोडला. आत नाणं. आणि नाण्याला पाठीमागून, पिवळ्या लगद्यात घट्ट चिकटलेली, अंगठी.

वरमाय तिथेच मातीत बसली.

"सुपात ठेवलेली मी," ती म्हणाली. जणू स्वतःलाच सांगत होती. "हात हलदीचे होनार म्हणून सुपात ठेवली. सूप आजीचं, म्हणून म्हटलं आजीकडं दिली. आन मंग आमीच पाचजणींनी मुठी भरून..."

तिने धवलारणीच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीने तिला उठवलं, डोळे पुसले, अंगठी तिच्या हाताने सुनेच्या बोटात घालायला लावली आणि त्याचा धवला दोन ओळी का होईना गायलाच. मग ती वळली. मला शोधत.

"बाला. त्या दिवशी कसा वरडलास? मंडली म्हणून?"

"हो आजी."

"मंग आता वरड. द्रोणागिरीला आयकू गेलं पायजे."

काकाने आपली खुर्ची मधोमध आणून ठेवली. "चढा मास्तर." आणि फोन काढून माझ्यावर धरला. मी चढलो. माझ्याजवळ दोन दिवसांत साठलेली वाक्यं होती, सजवलेली, वळणं घेणारी. "मंडळी," मी म्हटलं, आणि त्यातलं एकही आलं नाही.

"मंडळी, मी म्हणालो होतो, मेढीखाली नाण्याशिवाय काही नाही. ते चुकलं. अंगठी होती. आजींनी ती घेतली नव्हती. मी न खणता बोललो."

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं भाषण. काकाने ते जागच्या जागी द्रोणागिरीला पाठवून दिलं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा धवलारणीच्या एका बाजूला वरमाय बसली, दुसऱ्या बाजूला नवी सून, आणि वाढपी भाताचं पातेलं घेऊन आला तेवढ्यात म्हातारीच्या लेकीचा फोन वाजला. द्रोणागिरीवाले आजी येणार ना म्हणून विचारत होते. "सांग त्यांना," म्हातारी भात कालवत म्हणाली, "ईन. पन सवडीनं ईन."

आता यंत्राचं. तुम्हाला वाटेल मी धूड छातीशी धरून नव्याला रामराम ठोकला. खांदा माझा आहे, तुमचा नाही. पुढच्या शनिवारी मी नवं यंत्र विकत घेतलं. दुकानदाराला हर्षवायू व्हायची वेळ आली. पण मी त्याच्याकडून आधी एक गोष्ट शिकून घेतली: काहीही न गाळता सगळे धातू ऐकवायची जी सोय त्यात खोलवर लपवलेली होती, ती कशी चालू करायची. मग त्याच्यासमोरच पडद्यावर फडक्याची पट्टी गुंडाळून गाठ मारली. मेढीला बांधलेलं हळदीचं फडकं काकाने मला गंमत म्हणून दिलं होतं, त्याचीच पट्टी.

"काका, आकडा दिसणार कसा?" तो कळवळून म्हणाला.

"खणल्यावर."

नवंही कान देऊन ऐकलं तर अडखळतं, हे मला आता कळलंय. त्याचं अडखळणं फार हळू आहे, शिकायला वेळ लागतोय. जुनं धूड दुकानात भिंतीवर टांगलंय. बायको त्याच्यावरची धूळ पुसते आणि मी बघतोय असं वाटलं की पुसायची थांबते.

मध्ये एकदा धवलारीण दुकानात आली. ह्या वेळी तिच्याकडे खरोखर कागद होता, लेकीच्या रेशनकार्डाचा. नवं यंत्र काउंटरला टेकवून ठेवलं होतं. तिने ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पिवळ्या पट्टीपाशी थांबली.

"ह्याचं तोंड बांधलंस काय?"

"हो आजी."

तिने कागद उचलला, घडी घातली, पायरी उतरली, आणि मागे न बघता म्हणाली,

"आन तुजं कवा?"